पाच एकर, एक विहीर अन् आलेखवही : कांदा किती, हरभरा किती ते असं काढा

तालुका प्रतिनिधी

रब्बी तोंडावर आली की गावच्या पारावर एकच विषय असतो. यंदा काय लावायचं? कोणी म्हणतं कांदा, कोणी म्हणतं गहू, कोणी म्हणतं हरभरा बरा, झंझट नाही. शेवटी आपण शेजाऱ्याचं बघून किंवा गेल्या वर्षीचा भाव आठवून ठरवतो. मीही तसंच ठरवायचो. गेल्या वर्षी ४ एकर कांदा लावला. विहीर फेब्रुवारीच्या शेवटी बसली. कांदा पोसायच्या टायमालाच पाणी नाही. निघाली ती सगळी गोलटी. खर्चसुद्धा निघाला नाही, आणि ४० हजार हातउसने घेतले होते त्यातले १५ हजार अजून द्यायचे बाकी आहेत.

ही चूक पावसाची नव्हती, बाजाराचीही नव्हती. हिशोबाची होती. ती मला कोणी दाखवली, तर माझ्या बारावीतल्या थोरल्या मुलीने, आणि तेही एका आलेखाच्या कागदावर. बारावीच्या गणितात 'लिनियर प्रोग्रॅमिंग' नावाचा धडा आहे. सायन्सलाही आहे, कॉमर्सलाही आहे. मी आर्ट्सचा, त्यामुळे माझ्या वाट्याला तो कधी आला नाही. पण दोन संध्याकाळी तिच्याशेजारी बसलो आणि मला तो समजला. म्हणून म्हटलं, आपल्या वाचकांनाही सांगावा. ज्यांच्या घरात बारावीचं पोरगं आहे त्यांना परीक्षेला उपयोगी, आणि ज्यांच्याकडे विहीर आहे त्यांना रब्बीला उपयोगी.

हे नेमकं आहे काय?

नाव जड आहे, पण गोष्ट आपल्या रोजची आहे. आपल्याकडे काही वस्तू मोजक्या असतात. जमीन मोजकी, पाणी मोजकं, पैसा मोजका. त्या मोजक्या वस्तूंत दोन-चार कामं करायची असतात. कोणतं काम किती केलं म्हणजे नफा जास्तीत जास्त होईल, किंवा खर्च कमीत कमी होईल, हे काढायची ही रीत आहे.

'लिनियर' म्हणजे सरळ रेषेचं. एक एकराला जेवढं पाणी लागतं त्याच्या दुप्पट पाणी दोन एकराला, तिप्पट तीन एकराला, असा सरळ हिशोब. 'प्रोग्रॅमिंग' म्हणजे इथं कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग नाही, तर नियोजन.

दोनच पिकं असतील तर हे सगळं आलेखवहीवर पट्टीने सुटतं. पाहिजे काय? आलेखाचा एक कागद, पट्टी, पेन्सिल आणि खरा हिशोब. खरा हिशोब हे सगळ्यात अवघड आहे, ते आधी सांगतो.

आधी आकडे गोळा करा

माझं उदाहरण घेतो. आकडे माझ्या डायरीतले आहेत आणि सोपे पडावेत म्हणून गोल केलेत. तुमचे वेगळे असतील, तुम्ही तुमचे घाला.

जमीन ५ एकर. पिकं दोन, उन्हाळी कांदा आणि हरभरा.

पाणी कसं मोजायचं? मी 'पाळी' हे माप धरलं. एक एकर एकदा भिजवला म्हणजे एक पाळी. आमच्याकडे एका पाळीला मोटार साधारण ८ तास चालवावी लागते. पावसाळा संपल्यापासून मार्चअखेरपर्यंत माझी विहीर एकूण किती तास उपसा देते ते डायरीवरून काढलं, तर २६४ तास आले. २६४ भागिले ८ म्हणजे ३३ पाळ्या. बास. माझ्या विहिरीची ऐपत एवढीच. कांद्याला एकरी १२ पाळ्या धरल्या, हरभऱ्याला ३.

भांडवल : कांद्याला एकरी ६० हजार खर्च (रोप, लागण, खत, फवारणी, काढणी सगळं धरून), हरभऱ्याला एकरी २० हजार. माझ्याजवळ सोसायटीचं कर्ज आणि घरचे मिळून २ लाख.

उत्पन्न : कांदा एकरी १०० क्विंटल, भाव १२०० रुपये धरला. म्हणजे १ लाख २० हजार, खर्च वजा जाता एकरी ६० हजार नफा. हरभरा एकरी ८ क्विंटल, भाव ५५०० रुपये. म्हणजे ४४ हजार, खर्च वजा जाता एकरी २४ हजार नफा.

आता सरळ बघितलं तर कुणीही म्हणेल, कांद्याला ६० हजार अन् हरभऱ्याला २४ हजार, मग लाव सगळा कांदा! मीही गेल्या वर्षी हेच म्हटलं होतं.

अटी कागदावर मांडा

मुलीच्या वहीत एक्स आणि वाय होतं. आपण आपलं क्ष आणि य घेऊ.

क्ष म्हणजे कांद्याचे एकर.
य म्हणजे हरभऱ्याचे एकर.

आता एकेक अट लिहा. ≤ या खुणेचा अर्थ 'पेक्षा जास्त नको, तेवढं चालेल'.

जमिनीची अट : क्ष + य ≤ ५
पाण्याची अट : १२क्ष + ३य ≤ ३३. सगळ्याला ३ ने भागलं की ४क्ष + य ≤ ११
पैशाची अट (हजारात) : ६०क्ष + २०य ≤ २००. सगळ्याला २० ने भागलं की ३क्ष + य ≤ १०
आणि शेवटची, जी पोरं पेपरात हमखास विसरतात : क्ष ≥ ०, य ≥ ०. म्हणजे उणे एकर कांदा लावता येत नाही. ऐकायला गंमत वाटते, पण लिहिली नाही तर मार्क जातात.

ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तो नफा (हजारात) : ६०क्ष + २४य. हा जास्तीत जास्त पाहिजे.

रेषा कशी ओढायची?

कागदावर आडवी रेघ म्हणजे कांदा, उभी रेघ म्हणजे हरभरा. दोन्हीकडे १ सेंटीमीटर म्हणजे १ एकर धरा. उभ्या रेघेवर ११ पर्यंत जागा ठेवा.

प्रत्येक अटीची एक सरळ रेषा होते, आणि सरळ रेषेला दोनच बिंदू लागतात. सोपा मार्ग असा : एकदा क्ष शून्य धरा, एकदा य शून्य धरा.

जमीन : क्ष शून्य तर य ५. य शून्य तर क्ष ५. आडव्या रेघेवरचा ५ आणि उभ्या रेघेवरचा ५ जोडा.

पाणी : क्ष शून्य तर य ११. य शून्य तर क्ष २.७५. आडव्या रेघेवर २.७५ आणि उभ्या रेघेवर ११ जोडा. ही रेषा चांगलीच उभी दिसेल.

पैसा : क्ष शून्य तर य १०. य शून्य तर क्ष ३.३३. हे दोन जोडा.

आता प्रत्येक रेषेची कोणती बाजू आपली? त्याला एक युक्ती आहे. शून्य-शून्यचा बिंदू, म्हणजे काहीच न लावलेलं रान, अटीत घालून बघा. जमीन : ० + ० ≤ ५, खरं आहे. म्हणजे शून्य-शून्यकडची बाजू आपली. पाण्याचं तसंच, पैशाचं तसंच. तिन्ही रेषांची आतली बाजू आपली. 'पेक्षा कमी नको' अशी अट असेल तर बहुतेक वेळा बाहेरची बाजू येते, म्हणून दर वेळी तपासायचं, अंदाजाने रेघोट्या मारायच्या नाहीत.

तिन्ही अटी जिथं एकदम पाळल्या जातात तो भाग पेन्सिलीने रंगवा. हे आपलं 'जमण्यासारखं रान'. त्यातल्या कोणत्याही बिंदूवर बोट ठेवा, ते नियोजन जमतं. त्याच्या बाहेर बोट ठेवलं की कुठंतरी काहीतरी कमी पडणार.

इथं मुलीने पेन्सिल घेतली आणि विचारलं, "पप्पा, गेल्या वर्षी आपण किती लावला होता?" म्हटलं ४ एकर कांदा, हरभरा काहीच नाही. तिने आडव्या रेघेवर ४ वर ठिपका दिला. तो पाण्याच्या रेषेच्याही बाहेर होता आणि पैशाच्या रेषेच्याही बाहेर. जमिनीच्या आत होता, तेवढंच. ४ एकराला ४८ पाळ्या पाहिजेत, विहिरीत ३३. पैसे २ लाख ४० हजार पाहिजेत, जवळ २ लाख. म्हणून हातउसने, म्हणून एकरी ८ पाळ्यांवर कांदा थांबला. सगळं त्या एका ठिपक्यात होतं. मी बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत बसलो.

उत्तर कोपऱ्यातच का सापडतं?

रंगवलेल्या भागात बिंदू तर असंख्य आहेत. एकेक कधी तपासणार? इथं या रीतीची खरी खुबी आहे. सगळे तपासायचेच नाहीत, फक्त कोपरे तपासायचे.

का, ते पट्टीने बघा. समजा १ लाख २० हजार नफा पाहिजे. ६०क्ष + २४य = १२०. ही पण एक सरळ रेषा, आडव्या रेघेवर २ आणि उभ्या रेघेवर ५ जोडणारी. या रेषेवर कुठंही उभे राहा, नफा तेवढाच. आता पट्टी त्या रेषेवर ठेवा आणि तिचा कल न बदलता हळूहळू बाहेर सरकवा. कंपासपेटीतले दोन गुण्ये एकमेकांना लावून सरकवले तर कल बदलत नाही. जसजशी पट्टी बाहेर जाईल तसतसा नफा वाढतो. सरकवत राहा. रंगवलेल्या भागाला पट्टी शेवटची जिथं टेकते, त्याच्यापुढे नफा वाढवायला रानच उरत नाही. आणि सरळ बांधांच्या रानाला सरळ काठी बाहेरून टेकवली तर ती कोपऱ्यालाच टेकणार. फार तर एखाद्या पूर्ण बांधाला टेकेल, पण त्या बांधाच्या दोन्ही टोकांना कोपरे असतातच. म्हणून कोपरे तपासले की काम झालं.

आपल्या आकृतीत कोपरे चार :

पहिला : कांदा ०, हरभरा ०. नफा शून्य.
दुसरा : कांदा २.७५ एकर, हरभरा ०. नफा १ लाख ६५ हजार.
तिसरा : जमिनीची आणि पाण्याची रेषा जिथं कापतात तो.
चौथा : कांदा ०, हरभरा ५ एकर. नफा १ लाख २० हजार.

तिसरा कोपरा डोळ्याने वाचू नका, पेन्सिलीची जाडी फसवते. समीकरण सोडवा. ४क्ष + य = ११ मधून क्ष + य = ५ वजा करा. उरतं ३क्ष = ६, म्हणजे क्ष = २. मग य = ३. दोन एकर कांदा, तीन एकर हरभरा. नफा २ गुणिले ६० अधिक ३ गुणिले २४, म्हणजे १२० अधिक ७२, एकूण १ लाख ९२ हजार.

हाच सगळ्यात मोठा. नुसत्या कांद्यापेक्षा २७ हजार जास्त, नुसत्या हरभऱ्यापेक्षा ७२ हजार जास्त. पडताळा घ्या : पाणी २४ अधिक ९ म्हणजे ३३ पाळ्या, बरोब्बर. जमीन ५ एकर, बरोब्बर. पैसा १ लाख ८० हजार, २० हजार शिल्लक.

कोणती अट खरी अडवते?

आकृतीत अजून एक गोष्ट दिसते. पैशाची रेषा रंगवलेल्या भागाला कुठंच शिवत नाही, पूर्ण बाहेरून जाते. म्हणजे मला वाटत होतं पैसा कमी पडतो, म्हणून मी उसने मागत फिरलो. खरं अडवत होतं पाणी.

पण हे प्रत्येकाचं सारखं नसतं. समजा कर्ज वेळेवर झालं नाही आणि हातात १ लाख ६० हजारच आहेत. मग पैशाची अट ३क्ष + य ≤ ८ होते. ती रेषा आत सरकते आणि पाण्याची रेषाच बाहेर पडते. नवा कोपरा जमीन आणि पैशाचा, दीड एकर कांदा आणि साडेतीन एकर हरभरा. नफा ९० अधिक ८४, म्हणजे १ लाख ७४ हजार. विहिरीत साडेचार पाळ्या शिल्लक राहतात. अशा माणसाने शेजाऱ्याचं पाणी विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

पाण्यावरून अजून एक हिशोब निघतो. माझ्या मूळ हिशोबात शेजारच्या बोअरवरून ३ पाळ्या जास्तीच्या मिळाल्या तर? अट होते ४क्ष + य ≤ १२. कोपरा सरकतो : कांदा २ एकर १३ गुंठे, हरभरा २ एकर २७ गुंठे. नफा २ लाख ४ हजार. ३ पाळ्यांनी १२ हजार वाढले, म्हणजे एका पाळीची मला किंमत ४ हजार. शेजारी पाळीला २ हजार मागत असेल तर घ्यावी, ५ हजार मागत असेल तर हात जोडावेत.

तसंच जमिनीचं. एक एकर खंडाने मिळतोय, घ्यावा का? ६ एकर धरून तेच गणित करा. कांदा १ एकर २७ गुंठे, हरभरा ४ एकर १३ गुंठे, नफा पुन्हा २ लाख ४ हजार. म्हणजे पाणी तेवढंच असताना एका जादा एकराची मला किंमत १२ हजार. त्याच्यापेक्षा जास्त खंड देणं म्हणजे मालकासाठी राबणं. आणि गंमत बघा, जमीन वाढली तर कांदा कमी करावा लागतो, कारण पाणी वाढलेलं नाही.

"अहो, पण भाव पडला तर?"

हे सगळं आम्ही ओट्यावर बसून करत होतो. आमची मंडळी शेंगा निवडत ऐकत होती. तिने बरोबर मुद्द्याचं विचारलं, "अहो, ते सगळं खरं, पण कांद्याचा भाव तुमच्या वहीत बसून राहतो का? पडला तर?"

मुलगी म्हणाली, तेही आलेखातून निघतं. भाव बदलला की रंगवलेला भाग बदलत नाही, फक्त पट्टीचा कल बदलतो. कल थोडा बदलला तर पट्टी त्याच कोपऱ्याला टेकते. जास्तच बदलला तर शेजारच्या कोपऱ्यावर उडी मारते. मग ती उडी कुठं होते ते आम्ही काढलं.

कांद्याचा एकरी नफा २४ हजारांवर आला, तर कांदा आणि हरभरा सारखेच. तेव्हा २ आणि ३ एकर केले काय, ५ एकर हरभरा केला काय, दोन्हीकडे १ लाख २० हजार. हा भाव येतो ८४० रुपये क्विंटल.

दुसऱ्या बाजूला, कांद्याचा एकरी नफा ९६ हजार झाला तर पट्टी पाण्याच्या रेषेला समांतर होते. तेव्हा २ आणि ३ एकरात २ लाख ६४ हजार, आणि २.७५ एकर नुसत्या कांद्यातही २ लाख ६४ हजार. हा भाव येतो १५६० रुपये क्विंटल.

म्हणजे भाव ८४० ते १५६० च्या मध्ये कुठंही राहिला तरी माझं उत्तर तेच. दोन एकर कांदा, तीन एकर हरभरा. आपल्याला एप्रिलचा नेमका भाव ओळखायची गरजच नाही, तो या दोन आकड्यांच्या मध्ये राहील का एवढाच अंदाज करायचा आहे.

त्याच्या बाहेर गेला तर? भाव २००० झाला तर नुसत्या कांद्यात ३ लाख ८५ हजार झाले असते, मिश्र पिकात ३ लाख ५२ हजार. ३३ हजारांची हळहळ. पण भाव ५०० वर आला तर नुसत्या कांद्यात साडेसत्तावीस हजार घरातून जातात, आणि मिश्र पिकात तरीही ५२ हजार हातात राहतात. मंडळी म्हणाली, "हळहळ चालेल, उसनवारी नको." हा निर्णय गणिताने दिला नाही, तिने दिला. पण तिच्यापुढे आकडे गणिताने ठेवले.

हे आलं कुठून?

१९३९ साली रशियात लिओनिद कांतोरोविच नावाच्या गणितज्ञाकडे एका प्लायवूड उद्योगाचा प्रश्न आला होता. यंत्रं मोजकी, लाकडाचे प्रकार वेगवेगळे, कोणत्या यंत्रावर काय करावं म्हणजे माल जास्त निघेल? त्यातून त्याने ही रीत बांधली. १९४७ साली अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग याने हवाई दलाच्या नियोजनासाठी काम करताना 'सिम्प्लेक्स' पद्धत काढली. ती म्हणजे आपलंच कोपऱ्यांचं तत्त्व. एका कोपऱ्यावरून जास्त नफ्याच्या शेजारच्या कोपऱ्यावर जायचं, पुढे वाढ नसेल तिथं थांबायचं. १९७५ चं अर्थशास्त्राचं नोबेल कांतोरोविच आणि त्याच्यासोबत कूपमन्स यांना मिळालं.

खर्च कमीत कमी करण्याचं गाजलेलं उदाहरण जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाचं. १९४५ साली त्याने ७७ खाद्यपदार्थांतून हिशोब मांडला की माणसाला लागणारी सगळी पोषणद्रव्यं सर्वात स्वस्तात कशी मिळतील. उत्तरात गव्हाचं पीठ, आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि वाळलेल्या शेंगाच्या बिया असलं साधं जेवण आलं. १९३९ च्या भावाने वर्षाचा खर्च ३९ डॉलर ९३ सेंट. नंतर सिम्प्लेक्सने नेमकं उत्तर काढलं ते ३९ डॉलर ६९ सेंट, म्हणजे स्टिगलरचा अंदाज फक्त २४ सेंटने चुकला होता. दुभत्या जनावराचं खुराकाचं मिश्रण स्वस्तात बसवायचं तेही याच पद्धतीने होतं. फक्त तिथं अटी 'इतक्यापेक्षा कमी नको' अशा असतात, रंगवलेला भाग रेषांच्या बाहेर जातो आणि पट्टी आतल्या बाजूला सरकवायची असते.

आणि यात आपल्या भाषेचंही एक नाव आहे. नरेंद्र करमरकर. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्म, मुंबईच्या आयआयटीत शिक्षण. १९८४ साली अमेरिकेत बेल लॅब्समध्ये असताना त्यांनी मोठमोठे प्रश्न सोडवायची नवी रीत दिली. सिम्प्लेक्स रानाच्या बांधाबांधाने चालते, करमरकरांची रीत रानाच्या मधून वाट काढते. हजारो अटी असल्या की त्याचा फरक पडतो.

परीक्षेला बसणाऱ्यांसाठी

पहिलं, क्ष आणि य म्हणजे काय ते शब्दात लिहा. 'क्ष म्हणजे कांदा' नाही, 'क्ष म्हणजे कांद्याचे एकर'.
दुसरं, अटी, शून्यापेक्षा कमी नाही ही अट आणि नफ्याचं समीकरण तिन्ही वेगळं लिहा.
तिसरं, प्रत्येक रेषेचे दोन बिंदू तक्त्यात दाखवा आणि बाजू तपासा.
चौथं, कोपऱ्याचे आकडे समीकरण सोडवून काढा, आलेखावरून नुसते वाचू नका.
पाचवं, सगळ्या कोपऱ्यांवर नफा काढून दाखवा, नुसतं उत्तराच्या कोपऱ्यावर नको.
सहावं, दोन कोपऱ्यांवर नफा सारखा आला तर घाबरू नका. त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवरची सगळी उत्तरं बरोबर असतात, तसं लिहा.

हात बसला की मोबाईलवर जिओजेब्रा नावाचं फुकट ॲप आहे, त्यात अटी टाकल्या की आलेख आपोआप येतो. पण आधी चार-पाच गणितं हातानेच करा.

कुठं जपून वागायचं

ही रीत आकड्यांवर चालते, आकडे खोटे तर उत्तर खोटं. विहिरीचे तास वाढवून धरू नका. उलट एक-दोन पाळ्या कमीच धरा.

दुसरं, मी एकूण पाण्याची एकच अट घातली. पण हरभऱ्याचं पाणी लवकर संपतं आणि कांद्याचं खरं पाणी फेब्रुवारी-मार्चात लागतं. ज्यांची विहीर थंडीत भरपूर आणि उन्हात एकदम बसते त्यांनी त्या दोन महिन्यांची वेगळी अट घालावी. हरभऱ्याला तेव्हा पाणी नसल्याने ती कागदावर सरळ उभी रेषा येते.

तिसरं, दोन पिकं कागदावर मावतात. तीन झाली की कागद पुरत नाही. चार-पाच पिकांसाठी एक्सेलमध्ये 'सॉल्व्हर' म्हणून सोय आहे, बारावीचं पोरगं तुम्हाला ती दाखवेल.

आमचं यंदाचं ठरलं आहे. दोन एकर कांदा, तीन एकर हरभरा. हरभऱ्याची पेरणी उरकली, कांद्याचं रोप टाकलंय. तो आलेखाचा कागद मी मोटारीच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवलाय, गेल्या वर्षीच्या ठिपक्यासकट. एप्रिलमध्ये कांदा निघाला की किती पाळ्या लागल्या, किती माल निघाला आणि काय भाव मिळाला, ते खरंखुरं इथंच लिहीन. चुकलं असेल तर तेही लिहीन.

तोवर तुमच्या विहिरीचे तास मोजायला आजच सुरुवात करा.